काळ बारा नव्हेत : इंग्रजी क्रियापदाच्या अध्यापनावरील काही आक्षेप

इंग्रजीत काळ किती, असा प्रश्न महाराष्ट्रातल्या कोणत्याही वर्गात विचारला तर 'बारा' हे उत्तर पाढा म्हटल्याच्या खात्रीने मिळते. वर्तमान, भूत, भविष्य हे तीन. प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण आणि चालू-पूर्ण असे चार प्रकार. तीन चोक बारा. फळ्यावर बारा घरांचा तक्ता काढायचा, प्रत्येक घरात एक मराठी वाक्य आणि त्याच्यासमोर एक इंग्रजी वाक्य बसवायचे, आणि 'हे पाठ झाले की इंग्रजी आले' असे आश्वासन द्यायचे, ही आपल्याकडची रूढ पद्धत आहे. शिकवणीवर्ग, गाइडे आणि स्पर्धापरीक्षांची पुस्तके या तक्त्यावर पोसली गेली आहेत. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हा तक्ता इंग्रजीचे वर्णन म्हणून चुकीचा आहे, अध्यापनाचे साधन म्हणून अपायकारक आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला तर तो वाचनाच्या ऐन गाभ्यापासून दूर ठेवतो.

आधी वर्णनाचा मुद्दा. क्रियापदाच्या रूपात काळ दाखवणारा फरक इंग्रजीत एकच आहे : 'वॉक' आणि 'वॉक्ट', 'गो' आणि 'वेन्ट'. भविष्यासाठी इंग्रजी क्रियापदाला स्वतंत्र रूप नाही. मराठीला आहे ('जाईन', 'जाईल'), संस्कृतला आहे, लॅटिनला होते, फ्रेंचला आहे, इंग्रजीला नाही. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५ च्या बृहद्व्याकरणाने आणि रॉडनी हडलस्टन व जेफ्री पुलम यांच्या २००२ च्या केंब्रिज व्याकरणाने ही गोष्ट नि:संदिग्धपणे मांडली आहे. 'विल' हे काळाचे चिन्ह नसून 'कॅन', 'मे', 'मस्ट' यांच्या पंक्तीत बसणारे सहायक क्रियापद आहे. तक्त्यात 'विल हॅव बीन गोइंग'ला मानाचे घर मिळते. मग अगदी त्याच बांधणीच्या 'मे हॅव बीन गोइंग' आणि 'मस्ट हॅव बीन गोइंग' यांनी कोणता अपराध केला? 'विल'मुळे काळ तयार होत असेल तर 'मे'मुळेही झाला पाहिजे, आणि मग काळ बारा न राहता तीस-चाळीस होतील. 'मे'मुळे होत नसेल तर 'विल'मुळे का होतो, याचे उत्तर तक्त्याकडे नाही.

हा काही आधुनिक भाषावैज्ञानिकांनी काढलेला नवा खुसपटी वाद नव्हे. जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ मध्ये लॅटिनमधून लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात इंग्रजीचे काळ दोनच मानले होते. पुढे प्राणवायूवरील संशोधनामुळे प्रसिद्ध झालेल्या जोसेफ प्रीस्टलीने १७६१ च्या आपल्या व्याकरणात स्पष्ट भूमिका घेतली की, ज्या अर्थी इंग्रजी क्रियापदाला भविष्याचे रूपच नाही, त्या अर्थी लॅटिनचा काळांचा सारा संसार इंग्रजीच्या घरात आणून मांडण्याचे कारण नाही. परंतु प्रीस्टलीचे कोणी ऐकले नाही. लोकप्रिय झाला तो लिंडली मरे. त्याच्या १७९५ च्या व्याकरणात काळ सहा आहेत, आणि ते सहा म्हणजे लॅटिनच्या सहा काळांची मापे घेऊन शिवलेले कपडे होत. या सहांत पुढे चालू रूपांची भर पडून तक्ता वाढत गेला. इंग्रज पंडिताला लॅटिनशी सोयरीक हवी होती, म्हणून त्याने स्वत:च्या भाषेवर लॅटिनचा साचा बसवला. आपण त्या साच्यालाच इंग्रजी समजून बसलो.

आणि येथे आपल्या इतिहासाचा एक धागा येऊन मिळतो. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये महाराष्ट्र भाषेचे व्याकरण सिद्ध केले, तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. दादोबांचे ऋण कोणीही नाकारणार नाही. परंतु तेव्हापासून शालेय मराठी व्याकरणातही काळांच्या चौकटी स्थिरावत गेल्या : साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती. येथेही तीन चोक बाराच. परिणामी दोन तक्ते शेजारी शेजारी उभे राहिले, आणि ज्या घराच्या शेजारी जे घर, ते त्याचे भाषांतर, असा समज दृढ झाला. चौथ्या घरात मराठीकडे 'जात असतो' ही रीत आहे, तर इंग्रजीकडे 'हॅव बीन गोइंग' हे सातत्य. या दोहोंचा परस्परांशी काहीही संबंध नाही. इंग्रजीत रीत सांगण्याचे काम पहिल्याच घरातले साधे रूप करते. परंतु तक्त्याला त्याचे काय! घरे भरली की तक्ता कृतार्थ होतो.

आता अपायाकडे वळू. 'मी काल पुण्याला गेलो होतो' या वाक्याचे इंग्रजी आपला विद्यार्थी 'आय हॅड गॉन टु पुणे येस्टरडे' असे करतो. मुलाखत घेणारे गृहस्थ यावर हसतात, आणि प्राध्यापक 'मातृभाषेचा प्रभाव' असा शेरा मारून मोकळे होतात. प्रभाव मातृभाषेचा आहे की तक्त्याचा, हे तपासायला हवे. 'बाबा पुण्याला गेले' आणि 'बाबा पुण्याला गेले होते' या दोन वाक्यांतला फरक कोणत्याही मराठी मुलाला उपजत कळतो. पहिल्यात बाबा तिकडेच आहेत, असे आपण धरून चालतो. दुसऱ्यात ते बहुधा परत आले आहेत. म्हणजे मराठीतले 'होते' मुख्यत: सांगते ते असे की, त्या क्रियेचा परिणाम आता उरलेला नाही, तो प्रसंग मिटला आहे. इंग्रजीतले 'हॅड' हे सांगत नाही. भूतकाळात आधीच एक क्षण ठरलेला असेल आणि त्याच्याही मागे जायचे असेल, तरच 'हॅड'ची गरज पडते : गाडी फलाटावर आली, तोवर तो निघून गेला होता. या एका वाक्यापुरते दोन्ही भाषांचे जुळते. तक्ता नेमके हेच जुळणारे वाक्य उदाहरणादाखल देतो, आणि जेथे जुळत नाही त्या शेकडो वाक्यांबद्दल मौन पाळतो. मग 'गेलो होतो = हॅड गॉन' हे समीकरण प्रामाणिकपणे वापरणाऱ्या मुलाचा दोष कोणता?

हीच गोष्ट 'मी दहा वर्षं इथे राहतो आहे' या वाक्याची. 'राहतो आहे = ॲम लिव्हिंग' असे तक्त्याने शिकवले, म्हणून तो 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' म्हणतो. गतकाळात सुरू होऊन आजवर चालत आलेल्या गोष्टीसाठी मराठीला वर्तमान पुरतो. इंग्रजीला तेथे 'हॅव' लागते. 'ही हॅज गॉन टु पुणे' आणि 'ही हॅज बीन टु पुणे' यांतला भेदही असाच. पहिले म्हणजे 'गेला आहे', दुसरे म्हणजे 'जाऊन आला आहे'. हा दुसरा अर्थ मराठी संयुक्त क्रियापदाने सांगते, आणि तक्त्यात संयुक्त क्रियापदाला घरच नाही. म्हणून हे ज्ञान मुलाजवळ असूनही वापरले जात नाही.

तक्त्याच्या मुळाशी एक भ्रम आहे : क्रियापदाचे रूप आणि घड्याळातला समय या एकच गोष्टी आहेत हा. इंग्रजीत निदान 'टेन्स' आणि 'टाइम' असे दोन शब्द आहेत. आपण दोहोंना 'काळ' म्हणतो, त्यामुळे भ्रम शब्दातच रुजतो. आणि हा भ्रम मराठी बोलणारी माणसे दिवसातून दहा वेळा मोडतात, हे विशेष. निरोप घेताना आपण 'येतो' म्हणतो. हाक आली की जागेवरून न हलता 'आलो, आलो' म्हणतो. कठड्यावर चढलेल्या मुलाला आई 'पडलास बघ!' म्हणते, तेव्हा ते अजून पडलेले नसते. 'उद्या पाऊस आला तर सामना होणार नाही' या वाक्यात उद्याच्या पावसासाठी भूतकाळाचे रूप आहे. 'तो आता घरी असेल' या वाक्यातले भविष्याचे रूप चालू क्षणाविषयीचा अंदाज आहे. इंग्रजीतले 'ही विल बी ॲट होम नाउ' हेही नेमके तेच. 'मला एक विचारायचं होतं' असे म्हणणाऱ्याला आत्ताच विचारायचे असते. भूतकाळ तेथे नम्रतेसाठी येतो, आणि 'आय वॉन्टेड टु आस्क यू समथिंग' मध्येही तो त्याचसाठी येतो. रूप आणि समय यांची फारकत ज्याच्या जिभेवर आहे, अशा विद्यार्थ्याला इंग्रजीतली तीच फारकत समजणे अवघड का जावे? अवघड जाते, कारण वर्गात पाऊल टाकताच त्याला ही जीभ बाहेर ठेवायला सांगितले जाते.

आपली व्याकरणपरंपराही याबाबतीत दरिद्री नाही. पाणिनीने क्रियारूपांना 'लट्', 'लिट्', 'लङ्', 'लुङ्' अशी नावे दिली. ती मुद्दामच अर्थहीन आहेत. रूपाला आधी खूण द्यायची आणि त्याचा उपयोग नियमाने स्वतंत्रपणे सांगायचा, ही ती शिस्त. 'लिट्' हे बोलणाऱ्याने प्रत्यक्ष न पाहिलेल्या गतकाळासाठी, 'लङ्' हे आज न घडलेल्या गतकाळासाठी. म्हणजे समयाबरोबरच साक्ष आणि अंतर यांचाही विचार तेथे आहे. वर्तमानाच्या निकट असलेल्या भूत-भविष्यासाठी वर्तमानाचे रूप विकल्पाने चालते, असा नियमही पाणिनीने दिला आहे. आपल्या 'येतो'ची संगती तो सहज लावतो. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या शास्त्रीय मराठी व्याकरणात रूपांना ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ईलाख्यात अशी नावे वापरली, तीही रूपावरूनच. 'लाख्यात' म्हटले की भूतकाळ असे आपोआप ठरत नाही, आणि म्हणूनच 'पाऊस आला तर' मधल्या 'आला'ची अडचण होत नाही. जुन्या मराठीत वर्तमानाचे काम करणारे 'करी', 'जाई' हे रूप आज भूतकाळातली रीत सांगते. रूप तेच राहिले, समय बदलला. ही नावे आज स्पर्धापरीक्षांचे उमेदवार घोकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. ज्या विचारासाठी ती घडवली गेली, तो विचार कोणी शिकवत नाही. दामल्यांचा विवेक वापरला असता तर इंग्रजी शिकवणे सोपे झाले असते. आपण मरेचा तक्ता पसंत केला.

साहित्याच्या विद्यार्थ्यांचे यात काय जाते, असे कोणी म्हणेल. माझ्या मते सर्वांत अधिक त्यांचेच जाते. 'साधा वर्तमानकाळ म्हणजे नेहमी घडणारी क्रिया' एवढेच ज्याला ठाऊक आहे, त्याला डिकन्सच्या १८५२-५३ मध्ये क्रमश: आलेल्या 'ब्लीक हाउस'चे काय करावे हे कळणार नाही. त्या कादंबरीत एक निवेदक वर्तमानाच्या रूपांत बोलतो आणि एस्थर भूतकाळाच्या रूपांत आपली हकिकत सांगते. एकाला कथेचा शेवट ठाऊक असल्याचे आपल्याला जाणवत नाही. दुसरी शेवटापाशी उभी राहून मागे पाहते. ही कादंबरीची रचनाच आहे, आणि ती क्रियापदांच्या रूपांवर उभी आहे. तसेच, 'हॅम्लेट विलंब लावतो' असे आपण वर्तमानात का लिहितो आणि शेक्सपिअरने नाटक लिहिले हे भूतकाळात का लिहितो, याचे कारण पदव्युत्तर वर्गातही क्वचितच सांगितले जाते. कलाकृती प्रत्येक वाचनात पुन्हा घडते, लेखकाचे लिहिणे एकदाच घडून गेले, हा भेद तेथे क्रियापद करत असते.

केटे हांबुर्गर या जर्मन अभ्यासिकेने १९५७ च्या आपल्या ग्रंथात असा सिद्धान्त मांडला की, कथेतला भूतकाळ हा खऱ्या अर्थाने भूतकाळ नसतोच. तो कल्पिताची खूण असतो, आणि म्हणून त्याच्याशेजारी 'उद्या' हा शब्दही सुखाने नांदतो. मराठी कथेतही 'उद्या त्याची परीक्षा होती' हे वाक्य कोणाला खटकत नाही. हा सिद्धान्त मान्य करावा की नाही हा निराळा प्रश्न. परंतु तो समजून त्याच्याशी भांडण्यासाठी तरी रूप आणि समय वेगळे आहेत हे आधी ठाऊक हवे.

सर्वांत मोठा घोटाळा भाषांतरात होतो. इंग्रजीत दुसऱ्याचे बोलणे आपल्या वाक्यात घेतले की त्याचे क्रियापद मागे सरकते. 'ही सेड ही वॉज कमिंग' मधले 'वॉज' असे सरकलेले आहे. मराठी 'तो म्हणाला की मी येतोय' म्हणते. पात्राचा वर्तमान आणि पात्राचा 'मी' दोन्ही शाबूत राहतात. जेन ऑस्टिनच्या 'एमा'सारख्या कादंबरीत पात्राचे मनोगत 'ती म्हणाली', 'तिला वाटले' अशा सूचनेवाचून निवेदनातच मिसळून येते, आणि त्याची क्रियापदे भूतकाळात असतात. एमाचा गैरसमज हे कादंबरीकर्तीचे मत नसून एमाच्या मनातला आवाज आहे, हे वाचकाने ओळखायचे असते. उपरोध सगळा तेथेच आहे. तक्त्यावर वाढलेला भाषांतरकार प्रत्येक 'वॉज'ला 'होता' आणि प्रत्येक 'हॅड'ला 'ला होता' लावत जातो. परिणाम असा की मनोगताचा अहवाल होतो, उपरोध नाहीसा होतो, आणि 'होता-होती'ची रटाळ रांग तेवढी उरते. मग आपण म्हणतो, ऑस्टिन मराठीत येत नाही. ऑस्टिन येऊ शकते. तक्ता तिला दारात अडवतो.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. पहिला आक्षेप : नवशिक्या मुलांना काहीतरी सोपी चौकट हवीच. हवी, यात शंका नाही. परंतु बारा घरांपेक्षा सोपी चौकट उपलब्ध आहे. इंग्रजी क्रियापदाला चारच प्रश्न विचारावेत : रूप भूताचे आहे की नाही? 'विल', 'मे', 'मस्ट' अशांपैकी कोणी पुढे उभे आहे का? 'हॅव' आहे का? 'बी' आणि 'इंग' आहे का? या चार उत्तरांतून तक्त्यातली बाराही रूपे निघतात, आणि तक्त्यात नसलेली कितीतरी निघतात. हान्स रायखेनबाख याने १९४७ मध्ये तीन बिंदूंची एक साधी कल्पना मांडली होती : बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण, आणि जेथे उभे राहून आपण घटनेकडे पाहतो तो क्षण. 'आय सॉ' आणि 'आय हॅव सीन' यांत घटना एकच असू शकते; पहिल्यात आपण तिच्यापाशी जाऊन उभे राहतो, दुसऱ्यात आजच्या जागेवरून तिच्याकडे पाहतो. म्हणूनच 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' चालत नाही. पाय आजमध्ये असताना 'काल'वर बोट ठेवता येत नाही. हे आठवीतल्या मुलाला समजावणे अशक्य नाही.

दुसरा आक्षेप : 'विल'ला भविष्यकाळ म्हणा की आणखी काही, हा नावाचा वाद आहे. या आक्षेपात तथ्यांश आहे, आणि 'विल'ला भविष्यकाळ म्हणावे असे मानणारे अभ्यासकही आहेत. परंतु नावाने अनर्थ होत नसता तर नावाबद्दल वाद घातला नसता. 'भविष्य म्हणजे विल' हे ठसल्यामुळेच आपला विद्यार्थी 'इफ इट विल रेन टुमॉरो' लिहितो, आणि 'आय ॲम लीव्हिंग टुमॉरो' हे वाक्य त्याला चुकीचे वाटते. ठरलेला बेत, तेव्हाच घेतलेला निर्णय, डोळ्यांसमोर दिसणारी शक्यता, यांसाठी इंग्रजी निरनिराळी रूपे वापरते. मराठीही 'जातोय', 'जाईन', 'जाणार आहे' असा भेद करतेच. तो भेद एका घरात कोंबला की दोन्ही भाषांचे नुकसान होते.

तिसरा आक्षेप परीक्षेचा. 'पुढील वाक्य पूर्ण भूतकाळात लिहा' असा प्रश्न येतो, तर शिकवायचे काय? हा प्रश्न विद्यार्थ्याला रूप बनवता येते का एवढेच तपासतो. ते रूप केव्हा वापरावे हे विचारण्याची त्याला गरज वाटत नाही. एका सुट्या वाक्याला पूर्ण भूतकाळ हवा की साधा, हे ते वाक्य पाहून सांगताच येत नाही. त्यासाठी आधीचे वाक्य लागते. तेव्हा दोष परीक्षेवर ढकलून अध्यापकाची सुटका होत नाही. प्रश्नपत्रिका काढणारेही आपल्यातलेच असतात.

सन २००० पासून महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. वर्षे वाढली, तक्ता मात्र तोच राहिला. याचा भार कोणावर पडतो, याकडे डोळेझाक करता येणार नाही. ज्याच्या घरात इंग्रजी आहे, तो तक्ता पाठ करून इंग्रजी शिकत नाही. त्याच्या कानाने ती केव्हाच शिकलेली असते, आणि तक्ता तो परीक्षेपुरता भरतो. ज्याच्या घरात इंग्रजी नाही, त्याच्यापाशी तक्त्याखेरीज काहीच नसते. तो तक्ता तो निष्ठेने पाळतो, आणि जितक्या निष्ठेने पाळतो तितका अधिक चुकतो. मग त्याच्या मराठीलाच त्याच्या अपयशाचे कारण ठरवले जाते. चुकीचा नकाशा हाती देऊन वाट चुकणाऱ्याला त्याच्या गावावरून हिणवावे, तसा हा प्रकार आहे.

उपाय महागडा नाही. काळ सुट्या वाक्यांतून न शिकवता उताऱ्यांतून शिकवावेत. 'काळ' हा शब्द समयासाठी ठेवून क्रियापदासाठी 'काळरूप' म्हणावे, म्हणजे निदान शब्द तरी फसवणार नाहीत. दोन भाषांची तुलना जरूर करावी, परंतु घराला घर लावून नव्हे. 'येतो', 'पडलास बघ', 'असेल' यांपासून सुरुवात करून विद्यार्थ्याला आधी त्याच्याच भाषेतले नवल दाखवावे आणि मग इंग्रजी हेच कसे करते किंवा कोठे निराळे करते ते विचारावे. ज्याला मराठी क्रियापद दिसले, त्याला इंग्रजी क्रियापद दिसायला वेळ लागत नाही. तोवर फळ्यावरची बारा घरे पुसायला मात्र कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. डस्टर अध्यापकाच्याच हातात आहे.